ग्वाल्हेरचं जुनं दगडी घर आणि थंडी: तयारी कुठून सुरू करावी?

दौलतगंजची_सून
नमस्कार मंडळी. माहेर कोल्हापूर, त्यामुळे थंडी म्हणजे पहाटे एक शाल, एवढीच माझी ओळख. सासर ग्वाल्हेर, तिथल्या लष्कर भागातलं जुनं घर. जाडजूड दगडी भिंती, वर पटियांचं, म्हणजे दगडी फरशांचं छत, तेही इतकं उंच की जळमटं काढायला दोन बांबू जोडावे लागतात. दारांच्या वर झरोके, त्यांना काचा नाहीत, नुसती जाळी. मे महिन्यात या घराचं मी फार कौतुक केलं होतं. आता नोव्हेंबर संपत आलाय आणि संध्याकाळनंतर फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. घरातले म्हणतात, ही तर सुरुवात आहे.

सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखतात. सासरे म्हणतात, या घरात चार पिढ्या हीटरशिवाय जगल्या. नवरा म्हणतो, ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेऊ. मला एवढंच विचारायचंय की हीटरआधी घराचं काय काय करून घ्यावं? आणि हीटर घ्यायचाच तर कोणता?

गजकभक्त
मेळ्याची वाट बघू नका. मेळा रंगात येईपर्यंत मकरसंक्रांत येते. तोवर तुम्ही रजईसकट स्वयंपाक करत असाल.

मोरारकर_काका
सूनबाई, क्रम बरोबर लावलात. आधी घर, मग हीटर.

आपली जुनी घरं लूशी, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्याशी, लढायला बांधलेली आहेत. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो, म्हणून उंच छत, समोरासमोर झरोके. गरम हवा वर चढावी आणि निघून जावी अशी सगळी रचना. जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर उतरतो तेव्हाही घर तेच काम इमानेइतबारे करतं. तुम्ही खाली काहीही तापवा, ऊब वर जाते आणि झरोक्यातून पसार होते. तेव्हा पहिलं काम झरोके. विटांनी बुजवू नका, एप्रिलमध्ये स्वतःलाच शिव्या द्याल. मापाची प्लाय कापून घ्या, कडेनं फोमची पट्टी चिकटवा, आतल्या बाजूनं बसवून दोन फिरक्या लावा. होळीनंतर काढून माळ्यावर टाकायची.

दुसरं म्हणजे कूलर. खिडकीतला डेझर्ट कूलर अजून तिथंच आहे ना? असणारच. दिवाळी होते, तुळशीचं लग्न होतं, पण कूलर काही खिडकीतून हलत नाही, आणि त्याच्या गवतातून रात्रभर वारा घरात येत राहतो. लोक हजारांचा हीटर आणतात आणि दोन फूट बाय दोन फुटांचं भोक तसंच ठेवतात.

तिसरं, दाराखालची फट. फट कुठं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. वारा असेल त्या रात्री अगरबत्ती पेटवून दारा-खिडक्यांच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथं आडवा होईल तिथं खडूनं खूण करा. सकाळी सुताराला खुणा दाखवायच्या, म्हणजे तो इकडचं तिकडचं सांगत बसत नाही.

इंदूरी_जिरावण
एवढं सगळं? आमच्याकडे खिडकी लावली की झालं.

गजकभक्त
इंदूरच्या थंडीला थंडी म्हणायचं असेल तर आमच्या फ्रिजला हिमालय म्हणावं लागेल.

इंदूरी_जिरावण
अहो, पण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि ग्वाल्हेर जेमतेम दोनशेवर. हिशेबानं थंडी आमच्याकडे जास्त हवी.

पटियावाला
@इंदूरी_जिरावण, उंचीचा हिशेब इथं चालत नाही. ग्वाल्हेर उत्तरेच्या मैदानाच्या तोंडाशी आहे. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी ढगाळ-पावसाळी हवामान, येऊन गेला, मावठा पडून आकाश निवळलं की उत्तरेचा वारा अडवणारं मध्ये काही नाही. त्यातून कोहरा, म्हणजे दाट धुकं. कोहरा बसला की दिवस दिवस ऊन दिसत नाही, आणि माणसाला गारठवते ती अशा दिवसाची दुपार. रात्रीचा पारा तीन असला तरी दुसऱ्या दिवशी कडक ऊन मिळालं तर काही वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. मी सिव्हिलचा माणूस, अशा घरांच्या दुरुस्त्या करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

अख्खं घर गरम करायचा विचार सोडा. एक खोली निवडा. कोणती? तर दक्षिणेकडे खिडकी असलेली, शक्यतो मधल्या मजल्यावरची, आणि त्यातल्या त्यात लहान. १४ फूट उंचीच्या खोलीत १० फुटी खोलीपेक्षा ४० टक्के जास्त हवा असते, आणि गरम झालेली हवा तुमच्या डोक्यावर चार फूट जाऊन बसते. त्यामुळे दिवाणखाना बैठकीसाठी कितीही शोभिवंत असला तरी थंडीचे दोन महिने त्याला रामराम करा. सासूबाईंचा पलंग त्या दक्षिणेच्या खोलीत हलवा.

दक्षिणेचा आग्रह का? डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आतच येत नाही. थंडीत खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि छज्जा आड येत नसेल, तर ऊन आठ फूट आत, पार पलंगापर्यंत पोचतं. फुकटचा हीटर. पण बहुतेकांनी उन्हाळ्यात त्या बाजूला हिरवी जाळी बांधलेली असते आणि ती वर्षभर तशीच लोंबते. ती आजच सोडा. दहा वाजता पडदे उघडायचे, साडेतीन-चारला ऊन कललं की लगेच खिडकी आणि जाड पडदे बंद.

पलंग बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर तरी अंतर ठेवा. उत्तरेच्या भिंतीला तर मुळीच नको.

कंपूकर
पटियावाले साहेब, बाकी मान्य, पण दगडी भिंत थंडीत ऊब धरून ठेवते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. नव्या कॉलनीतल्या विटांच्या घरापेक्षा जुना वाडा थंडीत बरा, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. थाटीपूरला बहिणीचा फ्लॅट रात्री नऊलाच गारठतो.

पटियावाला
तुमचा अनुभव खरा आहे, कारण तो नोव्हेंबर-डिसेंबरचा असणार. जाड दगड हळू तापतो आणि हळू निवतो. उन्हाळ्या-पावसाळ्याची उष्णता तो बरेच दिवस पुरवतो. पण एकदा आतपर्यंत गार झाला की जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं तरी त्याला पत्ता लागत नाही. बाहेर ऊन आणि घरात शिरलं की हुडहुडी, हे अनुभवलं असेलच. पातळ भिंतीचा फ्लॅट रात्री लवकर गारठतो, पण सकाळी लवकर सुधारतोही. म्हणून दगडी भिंत आतून झाका. उत्तरेच्या भिंतीला उंच कपाट, जाड पडदा, जुनी सतरंजी, काहीही चालेल. मात्र कपाटामागे दोन बोटं जागा सोडा, नाहीतर ओल धरते.

कंपूकर
म्हणजे संक्रांतीनंतर मी बहिणीकडे जावं.

हजिऱ्याचा_रसिक
थंडीची सवय करायची तर एकच उपाय. डिसेंबरात तानसेन समारोहाला रात्रीच्या सभेला येऊन बसा. १९२४ पासून लोक कानटोपी-मफलर लावून रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकतायत. मंडपात शाल, त्यावर कांबळं, हातात चहा. तिथून आल्यावर कुठलंही घर उबदार वाटतं.

डिंकलाडू
हजिऱ्याचे साहेब, मागच्या समारोहात शेजारचे गृहस्थ माझ्या कांबळ्यात कधी शिरले ते मला विलंबित संपेपर्यंत कळलं नाही.

लष्कर_वायरमन
हीटरबद्दल कोणी नीट बोलत नाहीये म्हणून लिहितो.

दुकानदार सांगेल, ऑइलवाला हीटर जास्त गरम करतो. तसं नसतं. दोन हजार वॉट म्हणजे दोन हजार वॉट, तेलातून जावो नाहीतर रॉडमधून, उष्णता तेवढीच. चार तास चालवला की आठ युनिट. फरक आहे तो ऊब कशी मिळते यात. रॉडचा किंवा हॅलोजनचा हीटर समोरच्या माणसाला थेट शेकतो, हवा फारशी तापवत नाही. म्हणून तुमच्यासारख्या उंच, फटी असलेल्या खोलीत बसून टीव्ही बघताना, जप करताना तोच बरा. बंद केला की ऊब संपली. ऑइलवाला सावकाश तापतो, आवाज नाही, उजेड नाही. फटी बंद केलेल्या झोपायच्या खोलीला तो चांगला. ब्लोअर पटकन हवा गरम करतो, पण घूं घूं फार.

आणि घेण्याआधी प्लगपॉइंट बघा. दोन हजार वॉटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला हे काम नाही, १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, स्वतंत्र वायर बोर्डापर्यंत आणि स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). लष्करातल्या जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या वायरी निघतात. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावून हीटर, म्हणजे भिंतीत शेकोटी. वायरिंगचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात हीटर.

गजकभक्त
आणि इन्व्हर्टरवर हीटर लावणारे थोर पुरुषही मी पाहिलेत.

जीवाजीगंज_मावशी
हीटरनं हवेतला ऑक्सिजन संपतो ना? आम्ही नेहमी पाण्याची कढई ठेवतो शेजारी.

लष्कर_वायरमन
मावशी, विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही. हवा तापली की कोरडी पडते, त्यानं घसा-नाक सुकतं. कढई त्या कोरडेपणासाठी ठीक. फक्त वायरपासून लांब ठेवा.

चिटणीस_गोठ
या सगळ्या विजेच्या भानगडीत पडूच नका. आमची आजी रात्री सिगडीत निखारे करून खोलीत ठेवायची. धूर जाऊ द्यायचा, लाल निखारे झाले की आत आणायचे. दहा माणसं त्याभोवती गप्पा मारत झोपायची. हीटरला ती मजा नाही.

डॉ_मफलर
चिटणीस साहेब, मजा मान्य, पण हे इथं कोणी करून बघू नये म्हणून कडक शब्दांत लिहितो. धूर गेला म्हणजे धोका गेला असं नाही. लाल निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही, तो झोपेतच जातो. उत्तर भारतात दर थंडीत बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेली कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात.

आजीच्या वेळी वाचलात ते त्याच झरोक्यांमुळे, जे आता मोरारकर काका प्लाय लावून बंद करायला सांगतायत. झरोके बंद आणि सिगडी आत, या दोन गोष्टी एका घरात एका वेळी नकोत. शेकायचं असेल तर अंगणात शेका, आणि निखारे पूर्ण विझवूनच आत या.

हेच गॅस गीझरचं. छोट्या न्हाणीघरात, दार-खिडकी लावून गॅस गीझरखाली अंघोळ कधीही नको. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा आणि फक्त पाण्याचा पाइप आत घ्यायचा.

मोरारकर_काका
डॉक्टरांचं शंभर टक्के बरोबर. हे मी लिहायला हवं होतं. स्वयंपाकघराचा झरोकाही उघडाच ठेवा, तिथं गॅस पेटतो.

चिटणीस_गोठ
आमच्या वेळी हवाच शुद्ध होती हो. पण ठीक आहे, अंगणात तर अंगणात. बटाटे-रताळी भाजायला कोणी अडवणार नाही ना?

डॉ_मफलर
रताळी भाजा, मला बोलवा.

बडोद्याची_पोळी
तुमचं सगळं वाचून आमच्याकडे स्वेटर कपाटातून काढावा की नको असा प्रश्न पडलाय. बडोद्यात हौस म्हणून आठवडाभर घालतो, मग दुपारी घाम.

जीवाजीगंज_मावशी
रजयांचं कोणी काही लिहिलं नाही! अगं सूनबाई, हीटरपेक्षा आधी रजया बघ. जुन्या घरात ट्रंकेत जड रजया असतीलच. त्यातली रुई गोळा झालेली असते, म्हणून वजन भारी आणि ऊब शून्य. पिंजाऱ्याला बोलावून रुई पिंजून घे, नवी खोळ शिवून पुन्हा भर, टाके जवळ जवळ घालायला सांग. पिंजलेल्या रुईत हवा धरते, ती ऊब. आणि रोज नाही तरी ऊन असेल त्या दिवशी छतावर टाकायची, दुपारी पालथी करायची आणि तीनच्या आत खाली आणायची. उशीर केलास तर दव पिते.

म्हाताऱ्या माणसांना मात्र जड रजई सोसत नाही, कूस बदलता येत नाही. त्यांना हलकी जयपुरी एक, तिच्याखाली मऊ कांबळं, असे दोन थर दे. आणि गादीच्या खाली काय आहे ते बघ. निवारीच्या खाटेवर पातळ गादी असेल तर खालून थंडी लागते. गादीवर एक जुनी रजई अंथर, मग चादर.

डिंकलाडू
मावशी, थंडीत विरजण लागत नाही त्याचं काय करावं? दोन दिवस दूध आणि दही यांच्या मध्येच अडकलंय.

जीवाजीगंज_मावशी
दूध नेहमीपेक्षा जरा जास्त कोमट घे, विरजण दुप्पट, आणि भांडं कणकेच्या डब्यात ठेवून वर जुना स्वेटर गुंडाळ. सकाळी लागतं. खोबरेलाची बाटली मात्र उन्हातच, ते पंचवीस अंशांच्या खाली आलं की थिजतं, त्याला इलाज नाही.

कंपूकर
धागा घराचा होता, दह्याच्या स्वेटरपर्यंत आला.

दौलतगंजची_सून
सगळ्यांचे आभार, वाचून दाखवलं घरात. पटियावाले काकांचं सूर्याचं गणित ऐकल्यावर सासरे स्वतः उठून जाळी सोडायला गेले! सासूबाईंचा पलंगही दक्षिणेच्या खोलीत गेला.

आता अडचण कूलरची. तो लोखंडी स्टँडवर आहे आणि स्टँड भिंतीत सिमेंटनं पक्का केलेला. कूलर काढायला चार माणसं लागतील आणि काढल्यावर ठेवायला जागा नाही. दुसरं, सासूबाई रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतात, त्यांना मधुमेह आहे, ते चालेल का? तिसरं, न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे आहे. सकाळी तिथपर्यंत जाणंच शिक्षा.

मोरारकर_काका
कूलर काढू नका. टाकीतलं पाणी पूर्ण सोडा, पुसून कोरडी करा, नाहीतर गंजेल आणि डासही होतील. खसचं किंवा गवताचं पॅड काढून फेका, उन्हाळ्यात नवं लागेलच. मग खिडकीच्या आतल्या बाजूनं, जिथून हवा येते त्या तोंडावर, थर्मोकोलची दीड-दोन इंची शीट आणि त्यावर प्लाय, कडेनं फोम, तशाच फिरक्या. बाहेरून कूलरवर ताडपत्री दोरीनं घट्ट, म्हणजे मावठा आला तरी आत पाणी जात नाही. थर्मोकोल उघडं ठेवू नका, हीटरच्या जवळ तर अजिबात नको. ते चटकन पेटतं.

डॉ_मफलर
मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. पाणी किती कडक आहे ते कळत नाही आणि पाय भाजतो, मग जखम भरायला महिने. पिशवी पायाशी ठेवून झोपू नये. झोपण्याच्या अर्धा तास आधी पिशवी अंथरुणात ठेवा, अंथरूण ऊबदार झालं की काढा, मग त्यांनी झोपावं. पायांत सैल लोकरी मोजे. पिशवीत उकळतं पाणी भरायचं नाही, दोन तृतीयांश भरून हवा दाबून काढायची आणि वर कापडी खोळ हवी.

न्हाणीघराबद्दल: थंडीत वयस्कर माणसांचं रक्तदाब वाढतं. भल्या पहाटे गार अंगणातून जाऊन अंघोळ हा हट्ट सोडायला सांगा. अकरा वाजता, ऊन आल्यावर अंघोळ. देव रागावत नाही.

गजकभक्त
देव नाही, सासरे रागावतात.

लष्कर_वायरमन
न्हाणीघरात विजेचा गीझर बसवा, २५ लिटरचा. पंचवीस लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ वर न्यायला एक युनिटही लागत नाही, लोक उगाच घाबरतात. खर्च होतो तो दिवसभर चालू ठेवल्यानं. अंघोळीच्या अर्धा तास आधी लावा आणि बंद करा. अर्थिंग तपासल्याशिवाय बसवू देऊ नका. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतो, दर दिवाळीला उघडून साफ करून घ्या. तिघरा धरणाचं नळाचं पाणी असेल तर त्रास कमी. ब्लोअर न्हाणीघरात ठेवायचाच असेल तर आधी खोली गरम करा, मग प्लगसकट बाहेर काढा, मग पाणी उघडा.

इंदूरी_जिरावण
एक प्रश्न. सगळं इतकं बंद केल्यावर कुबट वास येत नाही का?

पटियावाला
येतो, आणि बुरशीही येते. दुपारी बारा ते दोन खोली समोरासमोर उघडायची, कोहरा असेल तर अर्धा तास पुरे. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. पहाटे काचेच्या आतून थेंब दिसले तर पुसून टाका, लाकडी चौकटीत मुरले की चौकट फुगते आणि पुढच्या वर्षी नवी फट तयार.

दौलतगंजची_सून
शेवटचं. पडदे शिवायला टाकतेय. शिंपी म्हणतो खिडकीच्या चौकटीएवढे पुरतील, कापड वाचेल. बरोबर आहे का?

जीवाजीगंज_मावशी
नाही गं. दोन्ही बाजूंना वीत-वीत जास्त, आणि खाली खिडकीच्या पाटाच्या पुढं किमान हातभर. वरचा रॉडही चौकटीच्या वर लावायला सांग, वर जागा राहिली तर तिथून गार हवा खाली ओघळते. आतून जुन्या कांबळ्याचं अस्तर लाव, नवं कापड घेऊ नकोस. आणि शिंप्याला पैसे काम झाल्यावर.